पेन्सिलीची फुली

लेथ चालू असली की मला भीती वाटते, आणि बंद झाली की त्याहून जास्त.

माझा नवरा एका रविवारी दुपारी जेवून झोपला आणि उठला नाही. मी त्याच खोलीत खिडकीशी वाचत बसले होते. आज झोप गाढ लागलीय असं मला वाटलं. चहा ठेवायच्या आधी हाक मारली तेव्हा कळलं. नक्की केव्हा गेला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, म्हणजे त्या वेळी मी कोणत्या पानावर होते ते मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून शांत घर मला सोसत नाही. पुस्तक उघडलं तरी कान पलीकडच्या खोलीकडे लागलेले असतात आणि ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, दिवसभर लोकांच्या हाती पुस्तकं देते. माझं स्वतःचं वाचन मात्र त्या दुपारी थांबलं ते थांबलंच.

आता घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. घर भाईंदरजवळच्या चौक गावात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. सासरे हयातभर मासेमारीला जात होते. गुडघे गेल्यावर त्यांनी होडी विकली आणि ओट्यावर बसून जाळी विणायला लागले. नवरा भाईंदरला फर्निचरच्या कारखान्यात होता. खाटांचे पाय, कपाटांच्या पट्ट्या कापून उरलेले लाकडाचे तुकडे तिथे जळणात जायचे, ते त्याला बघवायचं नाही. सागाचे, शिसवीचे वीतभर तुकडे तो गोणीत भरून बसनं घरी आणायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं जुनी लेथ आणून बसवली होती. तिच्यावर लाकडाचा तुकडा दोन टोकांना धरून गरागरा फिरवायचा आणि पटाशीची धार लावून गोल कातायचा. भोवरे, खणांच्या मुठी, मिठाच्या डब्या, पलीकडच्या आळीतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी मेणबत्तीच्या बैठका असं बरंच काही तो करायचा. रविवारी सासरे त्याच्याशेजारी बसून बघायचे, आणि बघता बघता तेही शिकले.

तेराव्याचे पाहुणे गेले त्या संध्याकाळी सासरे शेडमध्ये जाऊन उभे राहिले. कोपऱ्यात तुकड्यांची रास होती, माझ्या कमरेएवढी. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना नवऱ्यानं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली होती, कारण फुलीच्या मध्यावर लेथचं टोक बसतं.

"येवढं संपवतो," सासरे म्हणाले. "मंग मी मोकला."

'मोकला' हा शब्द मी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेथ सुरू झाली. सासऱ्यांचं वय झालेलं, हात थरथरतात, एका डोळ्यात मोतीबिंदू. फिरणाऱ्या लाकडापासून टीचभर अंतरावर त्यांची बोटं. गळ्यातला पंचा, सदऱ्याची बाही, काहीही त्यात अडकू शकत होतं. मी अट घातली. मी घरी असेन तेव्हाच मशीन चालवायचं, पंचा बाजूला ठेवायचा, आणि मी स्विचपाशी उभी राहणार.

"उभी रा. पगार भेटनार न्हाय."

"नको मला पगार."

"आनि तोंड असं करू नको. मयताला आल्यासारकं दिसतंय."

मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

अशी मी बोट स्विचवर ठेवून उभी राहायला लागले. पटाशी लाकडाला लागली की सूं असा आवाज येतो, तो एकसारखा असतो तोवर ठीक असतं. जरा खरखरला की मी स्विच दाबायच्या बेतात असायची. घामानं बोट स्विचवरून घसरायचं. पण वस्तू चांगल्या होत होत्या. गल्लीतल्या बायका येऊन मागायच्या. एक म्हातारी रोज यायची, "मना लाटनं कर रे, सूनबाईला पलवून लावीन," म्हणायची. सासरे हसायचे. हसायचे म्हणून मी उभी राहायची.

पण रास उतरत होती.

पावसाळ्याच्या शेवटी ती गुडघ्यापर्यंत आली. त्याच सुमारास सासऱ्यांनी आपलं चांगलं जाळं पुतण्याला देऊन टाकलं. मग हातातलं घड्याळ पुतण्याच्या मुलाला दिलं. "मना काय वेल बघायचाय," म्हणाले. सासूबाईंच्या फोटोची काच स्वतः पुसली. एकदा कातकाम थांबवून समुद्राच्या दिशेनं नुसते बघत बसले, हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. मी राशीकडे बघायची आणि तो 'मोकला' शब्द आठवायची. लाकूड संपलं की जायचं म्हणून हा माणूस आवरून बसलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. कसं ते मला माहीत नव्हतं. दुपारी झोपतील आणि उठणार नाहीत, किंवा एके दिवशी भरतीच्या वेळी खाली चालत जातील. पोहता येणाऱ्या माणसाला समुद्र लगेच घेत नाही, असले विचार मी बसमध्ये उभ्याउभ्या करायची.

म्हणून मी लाकूड आणायला लागले.

नवऱ्याच्या कारखान्यात जायचं धाडस झालं नाही. भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला गाळ्यांच्या ओळीत एक सोफे बनवणारा होता, त्याच्याकडे गेले.

"मॅडम, जलाने के लिए चाहिए?"

"हां, जलाने के लिए."

"ले जाओ, ले जाओ."

काही दिवसांनी परत गेले. तेव्हा तो हसायला लागला. "फिर? घर में भट्टी लगाई है क्या?"

तुकडे पुस्तकांच्या पिशवीत घालून आणायची. सासरे ओट्यावर जाळ्यांत असले की मागच्या दारानं शेडमध्ये जायची आणि तुकडे राशीच्या तळाशी सरकवायची. प्रत्येक टोकाला पट्टीनं फुली मारायची. नवऱ्याची फुली जरा तिरकी असायची आणि एक रेघ कडेबाहेर गेलेली. मी ती रेघही कडेबाहेर काढायला शिकले. त्याच्या हाताची नक्कल करताना पाऊल वाजलं की पेन्सिल पदराखाली. चोरी करताना माणसाला काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. पण रास गुडघ्याच्या खाली जाईना. सासरे रोज कातत होते, जेवत होते, म्हातारीला चिडवत होते.

होळीच्या आधी सोफेवाल्याचा गाळा बंद झाला. तो कुठे गेला ते शेजारच्यालाही माहीत नव्हतं. रास झपाट्यानं उतरली. एका सकाळी पाहिलं तर खालची जमीन दिसत होती. त्या दिवशी कामावर माझं लक्ष लागलं नाही. परत येताना शेजारच्या पाली गावात उतरले. तिथे किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडून पडलेली होती. मालकाला विचारून दोन फळ्या घेतल्या आणि वखारीत त्यांचे चौकोनी तुकडे करून आणले. होडीच्या लाकडात खिळे असतात एवढं मला कळत होतं. नवऱ्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्याच कामासाठी ठेवलं होतं. मी ते प्रत्येक तुकड्यावरून चारी बाजूंनी फिरवलं, पुन्हा फिरवलं. जिथे चुंबक चिकटलं ते तुकडे टाकून दिले. बाकीच्यांवर फुल्या मारल्या.

शनिवारी त्यातला पहिला तुकडा लेथवर चढला. मी स्विचपाशी होते. सूं आवाज सुरू झाला आणि मला वाटलं, चला, निभावलं. मग ठक् असा आवाज आला, पत्र्यावर काहीतरी जोरात आदळलं आणि सासरे खाली बसलेले दिसले. त्यांच्या भुवईतून रक्त येत होतं, डोळ्यावरून गालावर. मी स्विच बंद केला. शेड एकदम शांत झाली. ते डोळे मिटून बसले होते.

"बाबा."

मी त्यांच्यासमोर खाली वाकले.

"बाबा!"

"कापड आन," ते म्हणाले. "वरडू नको."

मी धावत घरात गेले. त्यांचे जुने पंचे त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत असतात. पंचा ओढला आणि त्याखाली बिस्किटांचा मोठा डबा दिसला, झाकण न बसणारा. त्यात सागाचे आणि शिसवीचे तुकडे रचून ठेवले होते. टोकांना तिरक्या फुल्या, एक रेघ कडेबाहेर. त्या मी मारलेल्या नव्हत्या.

मी पंचा त्यांच्या भुवईवर दाबून धरला. ते मात्र पायाशी पडलेला लाकडाचा फुटका तुकडा उचलून चांगल्या डोळ्याजवळ धरत होते. आत तांबूस काहीतरी चमकत होतं.

"तांब्याचा खिला," ते म्हणाले. "जुन्या होड्यांना मारायचे. ह्यो चुंबकाला न्हाय गावत." तुकडा खाली ठेवून म्हणाले, "कुनाची होडी आनलीस?"

मी पंचा आणखी घट्ट दाबला.

"माज्या पोरानं आंब्याचं लाकूड कवा घरात आनलं न्हवतं. दिवालीपासून नुसता आंबा कातवतेस माज्याकडनं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आनायचं थांबली असतीस."

मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त मला विचारायचं होतं. इतके महिने जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "संपलं की मोकळा, म्हणजे काय बाबा?"

त्यांनी पंच्याखालून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी? मशीन इकायचं आनि तुना माहेरी धाडायची. तरुन बाई म्हाताऱ्याच्या घरात कशाला कुजंल? जालं दिलं, घड्याल दिलं, घर रिकामं करत होतो." मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. "तू काय समजलीस?"

माझी नजर समुद्राच्या दिशेनं गेली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"येडी," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "येडी हाय पार."

रिक्षानं दवाखान्यात गेलो. भुवईला टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? सासरे म्हणाले, होडीनं मारलं. रिक्षात परत येताना मी त्यांना माहेरी जाणार नाही एवढंच सांगितलं. खाटेखालच्या डब्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांनी पेटी उघडी पाहिली आणि तेही बोलले नाहीत. पोराचं लाकूड ते केव्हापासून बाजूला काढून ठेवत होते कोण जाणे. माझंच लाकूड माझ्यासमोर कातत, आणि मी बोट स्विचवर ठेवून उभी.

टाके सुकल्यावर त्यांनी मला स्विचपासून हाकललं. "तू तितं उभी रातेस म्हनून माजा हात थरथरतो," म्हणाले. खरं असेल किंवा नसेल. त्यांच्यासाठी तोंडावर लावायची प्लास्टिकची ढाल आणली आहे. ती घातल्यावर म्हातारी त्यांना स्कूटरवाला म्हणते. लाकूड आता उघडपणे आणते, होडीचं नाही.

मी स्वयंपाकघरात बसते, पुस्तक घेऊन. भीती गेलेली नाही. सूं आवाज चालू असतो तोवर अंग आवळलेलं असतं. मग लेथ थांबते, तुकडा बदलायला, किंवा धार लावायला, किंवा कशाला ते मला भिंतीपलीकडून कळत नाही. मी ओळीवर बोट ठेवते आणि श्वास धरते. माझ्या सगळ्या दिवसात तो मधला वेळ सगळ्यात लांब असतो.

मग शेडमधून सासरे ओरडतात, "मी हाय!"

मी पान उलटते.