उशीखालचा मोबाईल

कासारवाडीतल्या आमच्या एका खोलीत एकच कायदा होता: रात्रपाळी करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. झोप अपुरी राहिली की हात मशीनखाली जातो, हे शेजारच्या काकांची बोटं गेल्यापासून सगळ्यांना पाठ होतं. कुकरसुद्धा पप्पा कामावर गेल्यावरच लागायचा.

चिंचवडचं कॉलेज मला आधीच मिळालं होतं. जवळ, घरचं जेवण, आणि पुन्हा हीच दिवसभराची कुजबुज. त्या दुपारी शेवटच्या फेरीत नागपूरचं लागलं, तेव्हा मला आनंदाने रडूच फुटलं. पण जागा पक्की करायला पप्पांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागणार होता, आणि मोबाईल त्यांच्या उशीखाली होता.

"आई, नागपूर लागलंय. पाचला बंद होईल. उठव ना त्यांना," मी पलंगाशी उभी राहून दबक्या आवाजात म्हणाले.

"आणि रात्री मशीनवर काही झालं तर?"

मी उशीकडे बघत बसले. एकदा हात पुढे नेला, तेवढ्यात पप्पा भिंतीकडे वळले. पाच वाजून गेले. घरातली सगळी भांडी आपटावीत असा संताप आला, पण तीही मी आवाज न करता लावली.

संध्याकाळी पप्पा उठले, चहा प्यायले, डबा घेतला. दारात कंपनीचे बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "नागपूर लांबच पडलं असतं गं."

नागपूर लागल्याचं त्यांना अजून कोणीच सांगितलं नव्हतं.