मुहर्रकचा लाइन्समन

बायकोला वाटतं, माझ्याबद्दल तिला ठाऊक नाही असं काही उरलेलंच नाही. मीही तिला तसं वाटू दिलंय. पण एक गोष्ट आहे — पंचवीस वर्षं कधीच उलटून गेली तिला — ती मी बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही, कोणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सकाळी उठलो, चहा घेतला, आणि वाटलं, पुरे झालं आता.

तशी गोष्ट मोठी नाही, आधीच सांगून ठेवतो. खून नाही, चोरी नाही. एका शुक्रवारी फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. त्यात काय सांगायचं, असं म्हणाल. थांबा जरा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनमध्ये एका कंपनीच्या वर्कशॉपात मी स्टोअरकीपर होतो. गाव भंडाऱ्याकडचं. शहरातल्या गुदैबिया भागात दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात आम्ही चौघं. माझ्या खोलीत मी आणि विलास. विलास कामठीचा, वेल्डर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो मला भाऊ म्हणायचा, मी त्याला विल्या. स्वयंपाक त्याचा, भांडी माझी. रस्सा असा करायचा की खाताना डोळ्यांतून, नाकातून पाणी, आणि तरी माणूस दुसऱ्यांदा वाढून घेणार. कपाटाच्या दाराला आतून त्याने बायकोचा फोटो चिकटवला होता. सुनीता, आणि तिच्या कडेवर तीन वर्षांची चिमी. सकाळी शर्ट काढताना तो फोटोशी बोलायचा. मी पांघरुणातून ऐकायचो आणि झोपेचं सोंग घ्यायचो.

माझीही बायको होती की. दोन मुलं होती. आठ वर्षं ती तिकडे आणि मी इकडे. दोन वर्षांनी एकदा महिनाभराची लीव्ह, की परत आपलं विमान. माझ्या ग्रेडला फॅमिली व्हिसा नव्हता. पहिली तीन वर्षं मी अर्ज केले, मग सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे काय — वरवर सोडून दिलं.

आमचा शुक्रवार ठरलेला असे. सकाळी एका सुपरवायझर साहेबांच्या हॉलमध्ये आपली सगळी माणसं जमायची, बुद्धवंदना व्हायची. माझा आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, म्हणून पंचशील मी सांगायचो आणि बाकीचे मागून म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी खणखणीतच म्हणायचो. मग जेवण, आणि ज्या दिवशी मॅच असेल त्या दिवशी कंपनीच्या बसमधून मुहर्रक गावच्या मैदानावर.

मैदान म्हणजे विमानतळाजवळची मोकळी जागा. गवताची काडी नाही. कडक वाळू. चुन्याने आखलेल्या रेषा वाऱ्याने उडून जायच्या, म्हणून आम्ही वर्कशॉपमधलं जळकं इंजिन ऑइल नेऊन त्याने रेषा मारायचो. गोलला फाटक्या मासेमारीच्या जाळ्या. ही काही लीग नव्हती की कप नव्हता. या कंपनीची पोरं विरुद्ध त्या कंपनीची पोरं, एवढंच. पण माणसं बघा! पुठ्ठे टाकून बसलेली, थर्मासातला चहा, शेंगदाणे, मल्याळीत शिव्या, उर्दूत शिव्या, आणि आमच्या नागपुरी शिव्या तर विचारू नका. डिसेंबरातलं ऊन इतकं छान असायचं की आठवडाभराचा शीण तिथेच उतरायचा. मी त्या मैदानावर फार सुखात होतो, हे खरं आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

विलास आमचा फॉरवर्ड. कामठीच्या माणसाला चालता येण्याआधी लाथ मारता येते, असं तो म्हणायचा, आणि त्याला खेळताना बघून ते पटायचं.

आता त्या मैदानावरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर माझं पाप तुम्हाला कळणार नाही. रेफ्री कोणीतरी तिऱ्हाईत असे. लाइन्समन मात्र दोन्ही टीमनी आपापला एकेक द्यायचा. पूर्वी हे लाइन्समन समोरच्या टीमविरुद्ध खोटे ऑफसाइड द्यायचे आणि मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं — प्रत्येकाच्या लाइन्समनने आपलीच टीम जिथे गोल करायला जाते त्या बाजूला उभं राहायचं. आपल्याच माणसाविरुद्ध खोटा झेंडा कोण वर करील? आणि खरा ऑफसाइड लपवला तर रेफ्री होताच. साधा हिशेब. बिनतोड वाटायचा. आमच्या टीमचा लाइन्समन मी. झाडूच्या दांड्याला भगभगीत नारिंगी फडकं बांधलेलं, तो माझा झेंडा.

त्या शुक्रवारी मैदानावर एक पाहुणा आला होता. मुहर्रकच्याच एका छोट्या क्लबचा माणूस, अबू जासिम. अंगात पांढरा थोब, तो पायघोळ अरबी झगा, घडीची खुर्ची, शेजारी खजुराचा डबा. त्याला एक फॉरवर्ड हवा होता. क्लबकडून खेळायचं, दिवसा विमानतळावर कार्गोत काम, राहायला घर, आणि — हे महत्त्वाचं — फॅमिली व्हिसा. कंपनी रिलीज, म्हणजे दुसरीकडे नोकरीला जायची परवानगी, द्यायला तयार होती. जागा एकच. त्याच्या नजरेत दोघं होते, आमचा विलास आणि समोरच्या टीमचा एक मल्याळी मुलगा. आजच्या मॅचमध्ये बघून ठरवतो, म्हणाला होता.

आदल्या दिवशी विलासने टेलिफोन कार्ड घालून सुनीताला हे सगळं सांगितलं होतं. बूथमधून बाहेर आला तो हसतच. मला म्हणाला, "भाऊ, चिमीले इथल्या शाळेत टाकीन. तुम्ही दर शुक्करवारी जेवाले यायचं, सुनीताच्या हातचं." मी म्हटलं, वा. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. अगदी खरंखुरं दुखलं हो. तो येऊन दोन वर्षं झालेली आणि मला आठ. त्याची बायको येणार, माझी नाही. तो घर मांडणार, आणि मी? मी शुक्रवारी पाहुणा म्हणून जाणार, सोफ्यावर अंग चोरून बसणार, 'वहिनी, छान झालंय' म्हणणार आणि परत त्या खोलीत येऊन एकट्यापुरता भात लावणार.

वाईट वाटणं हा काही गुन्हा नाही. कोणाला वाटत नाही? मीही तशीच स्वतःची समजूत घातली होती.

मॅच संपायला पाच-सात मिनिटं उरलेली. एक-एक गोल झालेला. आमच्या हाफबॅकने मधून लांब बॉल मारला. बॉल मारला जातो त्या क्षणी फॉरवर्ड शेवटच्या बॅकच्या पुढे असेल तर ऑफसाइड. बरोबरीत असेल किंवा मागे असेल तर नाही. नियम एवढाच आहे, आणि तो बघण्यासाठीच लाइन्समन त्यांच्या रेषेत उभा असतो. मी रेषेतच होतो. ऊन माझ्या पाठीवर होतं, डोळ्यांवर नव्हतं. धूळ नव्हती. मध्ये कोणी आलं नव्हतं. विलास बॅकच्या मागे होता. चांगला दोन पावलं मागे. मी पाहिलं.

तो सुटला. बॅकला मागे टाकलं, गोलीला एका बाजूला झोपवलं, आणि बॉल सावकाश, अगदी सावकाश जाळीत ढकलला. एवढ्या वेळात माणूस किती विचार करू शकतो? पुष्कळ करू शकतो, माझ्यावर विश्वास ठेवा. सोफा दिसला, वहिनी दिसल्या, भात दिसला. आणि माझा हात वर गेला.

नाही — हात गेला नाही. मी नेला. इतकी वर्षं मनातसुद्धा 'हात गेला' असंच म्हणत आलोय, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता. मी झेंडा वर केला. विलास ऑफसाइड नव्हता आणि मी झेंडा वर केला.

रेफ्रीने शिट्टी मारली. आमची सगळी पोरं माझ्या अंगावर धावून आली. कॅप्टनने तर माझी कॉलरच धरली. आणि मला सोडवलं कोणी? विलासने. दोघांच्या मध्ये शिरून तो ओरडला, "भाऊनं झेंडा उचलला न? मंग असीन मी पुढं. भाऊ खोटं नाही करत. चला, खेळा!"

आमच्या लोकांची हुज्जत चालूच होती, तेवढ्यात समोरच्यांनी फ्री किक घेतली आणि त्या मल्याळी मुलाने धावत जाऊन गोल मारला. दोन-एक. मॅच संपली. अबू जासिमने खुर्ची मिटली आणि जाताना आमच्या कॅप्टनला म्हणाला, "वो लडका अच्छा है, लेकिन झगडा मफी. मेरे को झगडा करनेवाला मांगता. खलास." मफी म्हणजे तिकडच्या बोलीत 'नाही'. आता बघा — विलासने माझ्यावर विश्वास ठेवला, भांडला नाही, आणि नेमकं तेच त्याच्या विरुद्ध गेलं.

समोरच्या टीमने येऊन माझे हात हातात घेतले. असा लाइन्समन सगळ्या बहारीनमध्ये नाही, म्हणाले. स्वतःच्या माणसाचा गोल काढला! मी हात काढून घेतले नाहीत. बसमध्ये आमची पोरं बोलत नव्हती माझ्याशी, पण तीही मनातून मानत होती, हे मला कळत होतं.

अजून संपलं नाही. खरं तर झेंड्यापेक्षा यापुढचंच मला जास्त लागतं.

त्या संध्याकाळी विलास सुनीताला फोन करून आला. 'या खेपेले नाही जमलं, म्हणून सांगितलं,' एवढंच बोलला आणि कांदा चिरायला बसला. मी पातेली पुसत होतो. थोड्या वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "भाऊ, किती पुढं होतो मी?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होतो. अबू जासिमचा पत्ता कॅप्टनकडे होता, सकाळी जाऊन पाय धरले असते तर कदाचित — कोणास ठाऊक. मी काय केलं? हाताने माप दाखवलं. म्हटलं, "अर्धं पाऊल. बस, एवढंसं."

त्याने मान हलवली. मग आम्ही जेवलो. मी पोटभर जेवलो, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पोटातलं दुखणं पार गेलं होतं. तो जाणार नव्हता, खोली होती तशीच राहणार होती, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. लाज नंतर आली. पहिलं आलं ते हे सुटल्यासारखं वाटणं, आणि ते चांगले आठ-दहा दिवस टिकलं.

पुढच्या शुक्रवारी वंदनेनंतर सुपरवायझर साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, चौथं शील पाळावं कसं ते भाऊंकडून शिका. मी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला.

आणि विलास? तो स्वतःला सुधारायला लागला. बॉल मारला गेला की आधी थबकायचा, मग सुटायचा. अर्धं पाऊल. मी सांगितलं होतं ना, अर्धं पाऊल पुढे होतास म्हणून! त्या अर्ध्या पावलात बॅक त्याला गाठायचे. वर्षभरात त्याचा खेळ साधारण झाला. लोक म्हणाले, वय झालं. तिसाव्या वर्षी? मी लाइनीवर झेंडा घेऊन उभा राहून हे दर वेळी बघत होतो, आणि 'विल्या, थांबू नको, धाव' एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. पुन्हा कुठल्या क्लबने त्याला विचारलं नाही.

त्यानंतर तो आणखी सहा वर्षं त्याच खोलीत राहिला, माझ्यासोबत. माझ्यासाठी रस्सा करत. सहा वर्षांत तीन लीव्ह. चिमीच्या लहानपणातले तीन महिने त्याच्या वाट्याला आले.

गेल्या वर्षी चिमीचं लग्न झालं. मला आग्रहाने बोलावलं, व्याह्यांशेजारी बसवलं. विलासने त्यांना मॅचची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. भाऊंनी माझाच गोल काढला, असा माणूस आहे, म्हणाला. सगळे कौतुकाने बघत होते. मग सुनीतावहिनी वाढायला आल्या. हसत म्हणाल्या, "त्या टायमाले म्या बॅग भरून ठेवली होती, भाऊ. चिमीचे दोन नवे फ्राक. नंतर ते तिले होईनासे झाले, मंग देऊन टाकले कोणाले तरी." त्यांनी माझ्या ताटात वाढलं आणि मी ते खाल्लं.

एकटा होतो, जळत होतो, हे सगळं मी वर लिहिलं आहे, पण ते कारण म्हणून धरू नका. एकटे तिथे सगळेच होते. झेंडा मी एकट्यानेच वर केला.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी त्याची झेरॉक्स काढली आणि आज दुपारी कामठीला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पाकिटावर दोघांचं नाव घातलंय, विलासचं आणि सुनीतावहिनींचं. बायकोलाही आज संध्याकाळी वाचून दाखवणार आहे. विलास आणि वहिनी काय म्हणतील, बोलतील की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यांनी काही म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. पोस्टातून चालत घरी आलो. परवापर्यंत पाकीट पोहोचेल, आणि मग भाऊ खोटं करत नाही असं विलास पुन्हा कोणाला सांगणार नाही. मला फार बरं वाटतंय.