घासलेली पट्टी

जुन्या मोटरसायकलींचा लिलाव करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तपासनीस आहे. ऑफिस अंधेरीला. गाडी लिलावात मांडण्याआधी ती किती अस्सल आहे हे बघायचं आणि माहितीपत्रकात तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, एवढंच माझं काम. गावी हे कोणाला पटकन समजत नाही. वडील ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. "इंजिनिअर होऊन दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या बघतोस होय?" असं ते अजूनही विचारतात, पण त्यात राग नसतो. शिकलो म्हणून या शहरात उभा राहू शकलो, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

गाडी अस्सल आहे का, हे ठरवायला बऱ्याच जागा बघाव्या लागतात. टाकीला नवा रंग दिला असेल तर बोल्टखाली जुना सापडतो. मडगार्डला चुंबक नीट चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलेली असते. पण सगळ्यात आधी बघायचे ते नंबर, चासीचा आणि इंजिनाचा. ते कागदाशी जुळले पाहिजेत. नंबर खरवडलेला दिसला की गाडी चोरीची असते, नाहीतर दोन गाड्या जोडून एक केलेली असते. निदान आमच्या धंद्यात तसंच धरून चालतात.

दोन वर्षांपूर्वी पार्ल्याच्या एका आजींचा फोन आला. त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. भाड्याच्या घरात हलायचं होतं आणि तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. जिन्याखाली जुन्या चादरीने झाकलेली ती मोटरसायकल मी बघितली आणि मनातून हरखलो. इंग्लंडमध्ये बनलेली, टाकीवरचा रंग मूळचा, सीटसुद्धा पहिलीच. आजींचे यजमान विमा कचेरीत होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वांद्र्याच्या एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग मी हँडलखाली वाकलो. तिथे रिव्हेट मारून बसवलेली एक पितळी पट्टी होती. चासीचा नंबर या पट्टीवर असायला हवा. पट्टी ताम्हनासारखी लखलखत होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

"आजी, इथला नंबर कुठे गेला?"

"जाईल कुठे? तिथेच असेल. नीट बघ. चष्मा लागलाय का तुला?"

मी पुन्हा बघितलं. इंजिनावरचा नंबर स्वच्छ होता आणि आरसी बुकाशी जुळत होता. चासीचा मात्र कागदावर होता, गाडीवर नव्हता. मी तसं सांगितलं आणि त्याचा अर्थ बाजारात काय लावतात तेही सांगितलं. आजी जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे तुमच्या पुस्तकात चोरीची म्हणून छापणार?"

"चोरीची असं नाही लिहीत. संशय आहे, एवढंच लिहितात."

"एकच झालं ते." मग त्या म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर एक जण राहायचे. ह्यांनी गाडी आणली त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, कारकुनाला इंग्लिश गाडी परवडते कशी रे? गोदीतनं उचललीस काय? हे हसले. वर आले आणि जेवले नाहीत. पुढे आयुष्यभर ते वाक्य कोणी ना कोणी म्हणायचंच, गंमत म्हणून. आता तूही लिही."

त्या रागावल्या नव्हत्या. मला वाटतं, रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ऑफिसात येऊन मी साहेबांना सांगितलं. साहेब पक्के मुंबईचे, घाटकोपरला वाढलेले. ते बोलताना कधी थांबत नाहीत.

"नंबर नाही ना? मग विषय संपला. 'चासी नंबर काढून टाकलेला' असं लिही आणि मोकळा हो."

"काढून टाकलेला नसेल सर. झिजलेला वाटतो."

"घेणाऱ्याला काय फरक पडतो यार? उद्या कोणी पोलिसात गेला तर वाट लागेल आपली."

"एक दिवस द्या. परत बघून येतो."

"आजीने चहा झकास दिलेला दिसतोय."

"कॉफी दिली."

"मग तर गेलाच तू," ते म्हणाले आणि दुसऱ्या फोनकडे वळले. एक दिवस मात्र दिला.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला पट्टीचं कारण जवळजवळ कळलं होतं. आमच्या घरच्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक आहेत. टाक म्हणजे देवाची मूर्ती उठवलेले धातूचे छोटे पत्रे. आई सणावाराला ते चिंच लावून घासते, तिच्या आधी तिच्या सासूने घासले. आज त्यातल्या खंडोबाला नाक नाही, डोळे नाहीत, घोडा कुठे संपतो आणि देव कुठे सुरू होतो तेही कळत नाही. आमच्या घरात त्यामुळे तो खोटा ठरलेला नाही. पण देवघरातला नियम लिलावात चालत नाही. शिवाय आजींचं खरं निघावं असं मला वाटत होतं, आणि तपासणाऱ्याला असं वाटायला लागलं की त्याने स्वतःवरच जास्त संशय घ्यावा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी भिंग आणि टॉर्च घेऊन गेलो. कॉलेजात पहिल्या वर्षी आमच्या वर्कशॉपच्या सरांनी लोखंडाचा एक तुकडा आमच्याकडून कित्येक आठवडे कानशीने घासून घेतला होता. तेव्हा कंटाळा यायचा, पण आज त्या सरांचे आभार मानावेसे वाटतात. कानस सरळ रेघा सोडते, एकमेकींना समांतर, आणि कडा धारदार ठेवते. या पट्टीवर तशी एकही रेघ नव्हती. होते ते केसाहून बारीक ओरखडे, गोल गोल फिरलेले. कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत. रिव्हेटची डोकीही तितकीच झिजलेली. नंबर उडवणारा माणूस नंबर उडवतो, रिव्हेट कशाला घासत बसेल?

पट्टीचा एक कोपरा पुढच्या चाकाच्या फोर्कच्या मागे दडलेला होता. तिथे पांढरी पूड घट्ट बसली होती. दात कोरायच्या काडीने ती काढली तर खाली शेवटच्या आकड्याची अर्धी गोलाई शिल्लक होती. कागदावर तिथे आठ होता. ही गोलाई आठाची असू शकत होती, तशी तिनाचीही.

"आजी, ही पट्टी कोण घासायचं?"

"मी. दसऱ्याला गाडीची पूजा असायची. चिंच आणि बारीक रांगोळी घेऊन घासायचे. पूजेच्या भांड्यांबरोबरच. हे गेल्यावरही चुकवलं नाही."

"आणि हे इंजिन?"

"ते कुठे पितळ आहे? हे म्हणायचे, अगं, किती घासशील. मी म्हणायचे, तुमचं इंजिन तुम्ही बघा, पितळ माझं." बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. "म्हणजे नंबर मी पुसला."

मी हो म्हणालो.

आजी बराच वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही तसं."

"छापलं जाईल, आजी. लोक वाचतील. हसतीलही."

"मला हसू देत. मी हसण्यासारखंच केलंय. त्यांना कोणी चोर म्हणायला नको."

मी लिहिलं: 'चासी क्रमांक वाचता येत नाही. पितळी पट्टी मूळची आहे. मालकीणबाई दर दसऱ्याला ती चिंच व रांगोळीने घासत असत, त्यामुळे आकडे झिजले आहेत. कानशीच्या खुणा नाहीत. इंजिनाचा क्रमांक नोंदणीशी जुळतो.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "हा काय निबंध लिहिलायस?" म्हणाले. पण एकही शब्द काढला नाही. फक्त वरचा 'अस्सल' हा शिक्का काढायला लावला, आणि त्यात ते बरोबर होते. मला जे दिसलं त्यावर माझा विश्वास होता, पण माझा विश्वास म्हणजे नंबर नव्हे. आमच्या कामात 'अस्सल' म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. ही गाडी तशी नव्हती. ती एका घरात पन्नास वर्षं राहिलेली होती आणि त्यासाठी आमच्याकडे शिक्का नाही.

लिलाव जुहूच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर झाला. आजी आल्या नाहीत. काही जण ओळी वाचून पुढे गेले. मुलुंडचे एक गृहस्थ मात्र गुडघ्यावर बसून पट्टी बघत राहिले, आणि शेवटी गाडी त्यांनीच घेतली. दुसऱ्या दिवशी मी आजींच्या भाड्याच्या घरी गेलो. केवढ्याला गेली हे त्यांनी विचारलं नाही.

"कोणी म्हणालं का काही? चोरीबिरीचं?"

"कोणीच नाही. ज्यांनी घेतली त्यांनी एकच विचारलं. दसऱ्याला पट्टी घासायची की नाही."

"काय सांगितलंस?"

"मालकिणीला विचारून कळवतो म्हटलं."

आजींनी जरा विचार केला. "त्यांना म्हणावं, कोरडं फडकं फिरवा, बास. आणि बायकोला हात लावू देऊ नका."

मी तसा मुलुंडला फोन केला.