तीनदा दाबलेला ब्रेक

त्या अखाजीच्या अपघातात एकाही बकरीला इजा झाली नाही. आजवर मी एवढंच खरं सांगितलं. बाकीचं बरीच वर्षं टाळलं. आता गुडघे गेले, दात गेले, कुणी मारलंच तर लागायला जागाही फारशी उरलेली नाही, म्हणून सांगतो.

आमच्याकडे खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. माझ्या रेखाला आणायला मी मुराळी म्हणून धानोऱ्याला गेलो. परत यायला जावयाची नवी कोरी गाडी मिळाली. (जावई नोकरीवर होता. घरी असता तर किल्ली दिली नसती.) रेखाची सासू, माझ्या विहीणबाई, याही निघाल्या. मांडीवर घरच्या आंब्यांच्या रसाचा भलामोठा डबा! दोन्ही घरांत कुठलीही पंगत असो, रस वाढायचा मान त्यांचा. ताटाबाहेर थेंब पडला तर त्या आठवडाभर जेवणार नाहीत, अशी ख्याती.

"आप्पा, हळू चालाडा. रस शे, ऊस नई!"

"विहीणबाई, मी ऊसन्या दोन-दोन ट्रॉल्या कारखानावर लई जायेल शे!"

आता माझी एक सवय सांगतो. माझ्या जुन्या जीपचा ब्रेक तीनदा दाबावा लागे. पहिल्यांदा तिला कळवायला, दुसऱ्यांदा पटवायला, तिसऱ्यांदा थांबवायला. सगळ्या गाड्या अशाच असतात, अशी माझी प्रामाणिक समजूत.

तापीचा पूल ओलांडला आणि समोर बकऱ्यांचा कळप! मी जीपच्या हिशेबाने पाय हाणला. पण ही गाडी पहिल्याच लाथेला अशी अडली की माझी टोपी काचेवर! विहीणबाईंनी डबा पोटाशी आवळला. थेंबही सांडला नाही. (हे वाक्य पुन्हा वाचा. थेंबही सांडला नाही.) तेवढ्यात पायाखालचं पेडल तर्रर्र करून थरथरायला लागलं, जणू खाली चिचुंद्री अडकली होती.

"तुटनं! काहीतरी तुटनं!" मी ओरडलो आणि पाय उचलला.

"आप्पा, सोडू नका! दाबी धरा!" मागून रेखा किंचाळली.

मी कुणाचं ऐकतो! गाडी पुन्हा सुटली. विहीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, झाकण नीट करायला हात नेला, आणि मी दुसऱ्यांदा हाणला. रस उठला. तिसऱ्यांदा हाणला. रस पोचला! छतावर, काचेवर, माझ्या धोतरावर आणि विहीणबाईंवर तर केसांपासून जोडव्यांपर्यंत. त्यात मी स्टिअरिंग गरगर फिरवलं. गाडी कडेच्या मुरुमावर गेली, तिने ढुंगण फिरवलं आणि मग आपली आपण शहाण्यासारखी सरळ झाली. समोर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकून विझला. एक बकरी येऊन आमच्याकडे बघत रवंथ करत उभी राहिली.

घरी पोचलो तर अख्खी गल्ली दारात.

"हाई काय व्हयनं?" आमच्या हिने विचारलं.

"गाडीना ब्रेक खराब शे," मी छाती काढून म्हणालो. "गाडी उलटणार व्हती, मी सावरी! फक्त विहीणबाईसनी झाकण सोडी दिधं."

"मी धरेल व्हतं!" विहीणबाई म्हणाल्या. पण नाकावरून रस ओघळणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

त्या दिवसापासून पंगतीत त्यांच्या हाती कुणी रसाचं पातेलं दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या, तुम्ही बठा." फारच हट्ट केला तेव्हा मीठ वाढायचं काम मिळालं. मीठ सांडलं तरी लुगडं रंगत नाही ना!

गाडी दाखवून आणली. ब्रेक ठणठणीत! मग रेखाने मला गावाजवळच्या पुरुषोत्तमनगरच्या बाहेर मोकळ्या रस्त्यावर नेऊन शिकवणी घेतली. चाक जाम झालं की गाडी घसरते आणि वळवली तरी वळत नाही. म्हणून ही गाडी स्वतःच ब्रेक धरते-सोडते, धरते-सोडते, माझ्या पायाला सात जन्मांत जमणार नाही इतक्या भरभर. ती थरथर त्याचीच. घाईने लाथ बसली की माणूस घाबरला हे तिला कळतं, आणि उरलेला जोर तीच लावते. आपण फक्त दाबून धरायचं, जीपसारखा दाब-सोड करून पंप मारायचा नाही. गाडीने ढुंगण फिरवलं तर एखाद्या चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करायचं, हेही तिचंच काम.

"म्हणजे गाडी मी सावरी नई?"

"आप्पा, गाडीनी स्वतःले तुमनापासून सावरं! आते सासूबाईसले तुम्हीच सांगा."

सांगतो म्हणालो. सांगतोच आहे.

गेल्या अखाजीला जावयाची कंबर धरली, म्हणून पुन्हा किल्ली माझ्याकडे आली. तोच रस्ता, शेजारी विहीणबाई, मांडीवर डबा. पूल ओलांडला आणि मी धीर केला. "विहीणबाई, त्या सालले..."

"आप्पा, समोर देखा! बकऱ्या!"

दाबला. तर्रर्र! दाबून धरला. गाडी सरळ थांबली. डब्याचं झाकणसुद्धा हललं नाही.

घरी पंगत बसली तेव्हा विहीणबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "देखा, गाडी तीच, आप्पा तेच, बकऱ्याबी त्याच! तरी रस सांडना नई. म्हणजे त्या सालले मन्हाच हात ढिला व्हता. आप्पा, माले माफ करा."

आणि त्यांनी मुकाट्याने मिठाची वाटी उचलली.

मी तोंड उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. मागून रेखा कानाशी पुटपुटली, "आप्पा, पंप मारू नका! एकदाच दाबी धरा!"

"विहीणबाई..."

"काय आप्पा?"

"...थोडं मीठ वाढा."