मामा नांदेडचं कॉलेज तपासतो

उदगीरच्या मोंढ्यात माझ्या मामाइतका संशयखोर माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. या धान्यबाजारात त्याचं आडत दुकान आहे. पोतं उघडलं की वरच्या तुरीकडे तो ढुंकूनही बघत नाही. बाही सरकवून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळाची मूठभर वर काढतो. "वरचा माल दाखवायला असतो, पोरी. खायला लागतो तो तळचा," हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते दुकानात ठेवून घरी यावं एवढं भान त्याला नाही. लग्नाला गेला की मांडवात बसण्याआधी तो मागे आचाऱ्याकडे चक्कर मारून येतो. त्याच्या थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा बैठकीत पोहे आले आणि मामा गायब! तो मागच्या दारी धुणंभांडी करणाऱ्या बाईशी गप्पा मारत होता. परतताना म्हणाला, "पोरगा दिसायला लई गुणाचा हाय, पण घरात आईवर खेकसतो." स्थळ तिथंच मोडलं आणि मामी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

अशा माणसाच्या हाती माझी पदवी गेली. आम्ही लातूरचे. आमच्या गल्लीत बारावी झालेलं पोर एकतर डॉक्टर होणार असतं, नाहीतर पुन्हा 'नीट'ची परीक्षा देणार असतं. मला मात्र नांदेडला पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करायचं होतं. पप्पांनी आठ दिवस अबोला धरला आणि मग म्हणाले, "मामाला पटलं तर जा." आमच्याकडे भाचीच्या बाबतीत मामाचा शब्द शेवटचा, हे खरं, पण मामाला सहसा काहीच पटत नाही, हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मामा मला घेऊन नांदेडला गेला. विभागप्रमुखांनी चहा दिला, रंगीत माहितीपत्रक दिलं. मामानं ते न उघडताच माझ्याकडे सरकवलं. "हे वरचं झालं," असं म्हणून तो उठला आणि थेट इमारतीच्या मागे निघाला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे सर. प्रयोगशाळेचं सांडपाणी गाळायला पोरांनी तिथं वाळू-खडीचा खड्डा केला होता आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तो साफ करत होती. मामानं तिला विचारलं, "हे शिकून नोकरी लागती का, बाई?" सर खाकरले. ती म्हणाली, "लगेच न्हाई लागत, काका. आमच्या एका ताईला दोन वर्षं लागली."

"मग कशाला करायलीस?"

"आवडतंय मला. अन् हे साफ न्हाई केलं तर घाण पाणी पुढच्या वस्तीत जातंय."

मामा खूश. आपल्या धान्यातली कीड स्वतःहून दाखवणारा माणूस त्याला मोंढ्यात कधी भेटलाच नव्हता. तरीही खात्री हवीच. त्यानं पांढऱ्याशुभ्र शर्टाची बाही वर केली आणि सरांच्या डोळ्यांदेखत त्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. "तळालाबी वाळूच हाय," तो समाधानानं म्हणाला.

परतताना एसटीतूनच त्यानं पप्पांना फोन लावला. "दाजी, पोरीला नांदेडला घाला. मी बघितलंय." मी आनंदानं त्याच्या ओल्या बाहीला बिलगले. मुखेड आलं तसं त्यानं ती बाही खाली सोडून बटण लावलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दुकानाशेजारचा गाळा तुझ्या दवाखान्यासाठी ठेवला होता. आता देऊन टाकतो कुणाला." मला हवं ते मिळालं होतं, आणि तरी रडू आवरेना.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. गाळा अजून रिकामाच आहे. मामी सांगते, कुणी भाड्यानं मागायला आलं की मामा म्हणतो, "थांबा जरा, भाचीचं अजून ठरायचं हाय." नांदेडचं तर त्यानंच ठरवलं होतं. सुट्टीत गेले की त्याला त्याची आठवण करून द्यावी असं दर वेळी वाटतं, पण माझा धीर होत नाही.