चाचांच्या खात्यातली माणसं

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईलचं दुकान आहे. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे वडील त्याच जागेत घड्याळं दुरुस्त करत. नवा फोन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ईमेल विचारला की तो गोंधळून चाचांकडे बघे. मग चाचा स्वतःच्याच खात्यावर फोन चालू करून देत. माझ्या वडिलांचा फोन असाच सुरू झाला, भोकरजवळ शेती करणाऱ्या मामांचाही. त्यामुळे फोटो सगळ्यांचे सगळीकडे दिसत. देवणीकडच्या कुणाचा तरी बैल वडिलांच्या फोनमध्ये येई आणि वडील चाचांकडे त्याची खुशाली विचारत.

मागच्या हिवाळ्यात मामांच्या शेताजवळच्या डीपीतून, म्हणजे विजेच्या रोहित्रातून, तांब्याची तार चोरीला गेली. त्या पहाटे तिथे कोणाचे फोन होते, असं पोलिसांनी फोनची खाती सांभाळणाऱ्या कंपनीला विचारलं. कंपनीने एक खातं कळवलं. ते चाचांचं होतं. पोलिसांनी चाचांना नांदेडच्या ठाण्यात बोलावलं.

लातूरला वर्तमानपत्रात काम करताना अशी प्रकरणं माझ्या टेबलावर आली होती. पोलीस विचारतात, कंपनी सांगते; ज्याचा फोन असतो त्याला बहुतेक वेळा शेवटी कळतं. मी सुट्टीवर घरी होतो. चाचांच्या मागोमाग वडिलांबरोबर मीही ठाण्यात गेलो.

"फोन कोणाचा, तेवढं सांगा आणि घरी जा," फौजदार म्हणाले.

"खातं माझं हाय साहेब. मलाच धरा," चाचा म्हणाले.

"किती फोन आहेत या खात्यावर?"

"ज्याला ज्याला ईमेल नाही, त्याचे सगळे."

भोकरकडचं गिऱ्हाईक एकच, मामा. हे चाचांना माहीत होतं आणि वडिलांनाही. वडील तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नाव घेतलं की पोलिसांची गाडी मामांच्या दारात जाणार, सगळ्या गावासमोर. न घेतलं तर चाचांना कोठडी.

वडील उठून बाहेर गेले आणि मामांना फोन लावला.

दुपारी एसटीने मामा आले. ठाण्यात शिरताच म्हणाले, "साहेब, मी होतो तिथं. पहाटं लाईट येती. मोटार चालू कराया तुमची कंपनी येती का?"

"डीपीजवळ काय करत होता?"

"तार न्हाई म्हणून बघत होतो. चोरीची तक्रारच माझी हाय."

फौजदारांनी भोकरच्या ठाण्याला फोन लावला. तक्रार खरंच मामांची होती. ती कोणी दिली, हे कंपनीला विचारण्याआधी कोणी पाहिलंच नव्हतं.

बाहेर टपरीवर मामा चाचांवर उखडले. "नाव घेतलं असतं तर सकाळीच सुटले असते की, येड्यावानी बसून राहिले!"

"आणि तुम्ही अडकले असते तर? तुमच्या बहिणीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"तिला तोंड दाखवणं अवघडच हाय, खरं हाय," मामा म्हणाले. माझी आई तिथे नव्हती म्हणून सगळे मोकळेपणी हसले.

फौजदारांनी बजावलं होतं, प्रत्येकाचं खातं वेगळं करा. चाचांनी दुसऱ्याच दिवसापासून एकेक गिऱ्हाईक बोलावून ते काम सुरू केलं. मामांचं झालं. वडिलांना चार वेळा निरोप गेला.

"माझं राहू द्या तुमच्यातच," वडील म्हणाले. "पोलिसांनी विचारलं तर सांगा, हा आमच्यातलाच एक आहे."

चाचांनी अजून ते वेगळं केलेलं नाही.