सात गेले, सात आले

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. तोंडातून एकदम निघालं, "थापा मारतोस!" ...वीस वर्षं हे वाक्य अण्णाच मला ऐकवत आला होता.

जयगडच्या जेटीवर तो मासळीचा लिलाव पुकारायचा. आवाज असा, की इकडे त्याने सुरमई पुकारली की तिकडे मालगुंडात मांजरं उठून बसायची. बावीस होती, मी स्वतः मोजलीत. एकदा त्याला म्हटलं, "अण्णा, लिलाव हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांनी तो अरबांकडून उचलला, आणि तिथे त्याचा अर्थ विकणं नव्हेच. कळवणं, जाहीर करणं!" आयुष्यात एकदाच खरं बोललो, तर हा म्हणाला, "थापा मारतोस!" आणि एस्टी पकडून तडक रत्नागिरीला वाचनालयात. जाडजूड कोश उघडून खात्री करून आला. दोन दिवस लिलाव दबक्या आवाजात उरकला... जेटीवरचे कावळे धास्तावले.

तिसऱ्या दिवशी पहिली पाटी समोर आली तरी भाव पुकारेना. उलट्या निळ्या क्रेटवर चढून गरजला, "गंगासागर आली! सात गेले, सात आले!" मग पुढची होडी, तिची माणसं. सगळे खलाशी सुखरूप आल्याचं सांगून झालं, तेव्हा कुठे मासळी. "आधी कळवायचं, मग विकायचं," म्हणाला. तेव्हापासून रोज हेच. शेवंतीकाकी मासळी घ्यायला पहिल्या रांगेत. ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "मेल्या, बर्फ वितळून खाडीला भरती आली! मासळी विकतोस की माणसं मोजतोस?" पण तिचा नवरा गंगासागरवर. 'सात आले' ऐकेपर्यंत तिची पिशवी काही उघडायची नाही.

अण्णा गेला आणि मला एकच घोर लागला, ही हाक आता बंद पडणार. परवा मुद्दाम जेटीवर गेलो. निळा क्रेट जागच्या जागी, रिकामा. नव्या माणसाने खालूनच पाटी पुढे ओढली, "बोला, सुरमई..."

"थांब मेल्या!"

शेवंतीकाकी पदर खोचून क्रेटवर चढली. "गंगासागर आली! सात गेले, सात आले!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकी, बर्फ वितळतोय गो!"

"वितळू दे!" काकी गरजली, आणि पुढच्या होडीकडे वळली.

मालगुंडातल्या मांजरांची चौकशी अजून केलेली नाही... पण उठली असणार. बावीसच्या बावीस.